ज्याचा त्याचा मेल

कात्रीला त्या महिन्यात काय काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. साहेबांची खुर्ची, दार लावून घेता येईल अशी काचेची खोली, आणि आजवर 'अगं' म्हणणाऱ्यांच्या तोंडून 'अहो'. बदल्यात द्यायचं काय, तर साहेब निवृत्त होईपर्यंत जिभेला लगाम. पाण्याचे मीटर बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या तक्रार विभागात बसून हा सौदा स्वस्त नव्हता. शिवाय कात्री हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं.

जीभ तिनं आवरली. बोटं आवरली नाहीत.

जेवणाची सुट्टी संपली आणि ती माझ्या टेबलाशी आली. चेहरा पांढराफटक.

"अरे, मेले मी. नणंदेला लिहिलेला मेल सगळ्या ऑफिसला गेला."

मी तोच वाचत होतो. "वाचला," मी शक्य तितक्या कोरडेपणानं म्हणालो.

"साहेब आता काय करतील रे माझं?"

"यात साहेबांचा काय संबंध?"

 ती मला ओढत आपल्या टेबलापाशी घेऊन गेली. पाठवलेला मेल स्क्रीनवर उघडाच होता, पत्त्याच्या जागी 'सर्व कर्मचारी'. 'साहेबांचा टोप आज उजव्या कानावर उतरलाय. निवृत्तीपर्यंत खांद्यावर येणार बघ.' बस, एवढंच.

मला आलेल्या मेलमध्ये टोप नव्हता. त्यात लिहिलं होतं, 'लिफ्टमध्ये एकटा असलास की तू आरशात बघून हसायचा सराव करतोस. डावा गाल अजून साथ देत नाही.'

खरं होतं. गालाचंसुद्धा. आणि आमच्या लिफ्टमध्ये कॅमेरा नाही. तो बसवा म्हणून मीच अर्ज करून थकलोय.

मी तिला ते दाखवलं नाही. कोण दाखवेल?

मान वर करून हॉल पाहिला. साहेबांच्या टोपावर मेल फिरला असता, तर टेबलाटेबलावर खोकल्याची साथ आली असती. इथे कुणी खोकत नव्हतं. जावक कारकुनानं बायकोचा फोटो पालथा घातला होता. टेलिफोनवाल्या काकूंसमोर फोन वाजत होता आणि त्या उचलत नव्हत्या.

"काकू, अहो, गंमत होती ती," कात्री म्हणाली.

"घरात मी एकटीच असते गं. तरी दोन ताटं वाढते, हे तुला कुणी सांगितलं?"

"कसली ताटं? मी टोपाबद्दल—"

"हळू बोल," काकू म्हणाल्या. "त्याला ऐकू जाईल."

संध्याकाळी साहेबांनी कात्रीला आत बोलावलं. काचेतून दिसत होतं: ती बसलेली, साहेब उभे. त्या खोलीत हे उलटं चित्र कधी पाहिलं नव्हतं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सही केलेली शिफारस होती.

"म्हणाले, खुर्ची तुमचीच. फक्त ते पुन्हा कुणाला लिहू नका."

"काय लिहिलं होतंस?"

"टोप रे! टोप!" ती रडायच्या बेतात होती.

तिच्याविरुद्ध एकही तक्रार गेली नाही. तक्रार करायची तर स्वतःला आलेला मेल दाखवायला हवा ना.

नव्या खुर्चीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं. "'सर्व कर्मचारी' म्हणजे त्यात मीही आलेच की. माझ्याकडे आलेला मेल मी उघडलेलाच नाही."

"पुसून टाक."

"वेडा आहेस का? माझंच लिहिलेलं, मला कसली भीती?"

दुपारी तिनं तो उघडला. मी बाहेरून बघत होतो. आधी ती हसली. मग वळून मागे पाहिलं. मग उठून काचेवरचे पडदे ओढून घेतले.

थोड्या वेळानं मला हाक आली.

"वाच हे."

मी वाकलो. स्क्रीन कोरी होती.

"यात काहीच नाहीये."

"खाली जा ना. मला वाटलं संपलं, तर अजून आहे."

ती बाणाचं बटण दाबत राहिली. पांढरं. पुन्हा पांढरं. तिचे डोळे मात्र एकेक ओळ वाचत सरकत होते.

एका जागी ते थांबले.

"हे तर मी अजून केलेलंच नाही," ती म्हणाली.

तर हिशेब असा. साहेबांनी खुर्ची देऊन टाकली, निरोपाच्या चहालाही थांबले नाहीत. जावक कारकून सगळे गेले तरी फायली लावत बसतो, घरी जायचं नाव काढत नाही. काकू आता ऑफिसातही दोन डबे आणतात. मी जिन्यानं चढतो. कात्रीच्या नावापुढे मात्र काही लिहिता येत नाही, कारण तिचं वाचून संपलेलं नाही. काल तिच्या खोलीतून बटणाची टकटक ऐकू येत होती, म्हणून मी दार ढकललं. टकटक थांबली नाही.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.