तिसरी हाक

जयप्रकाश रविवारी संध्याकाळी जुईनगर स्टेशनबाहेर मुलीसाठी पाण्याची बाटली घ्यायला गेला होता, तिथून मी सांगायला सुरुवात केली.

सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. जानेवारीतला शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. नेरूळमधल्या आमच्या सेक्टरची लाईट गेली होती. सौरभ आणि पायल ही भावंडं कॉलेजात जातात. चार महिन्यांपूर्वीच आमच्या इमारतीत भाड्याने आलीत. सौरभने मला विचारलं होतं, "काका, तुम्ही रोज पाऊण वाजता भर उन्हात गेटवर कोणाची वाट बघता? वॉचमन बोलतो, मत पूछो. मग तर विचारायलाच पाहिजे ना!"

पायलने त्याला कोपर मारलं. "सोड ना, दादा."

मी म्हणालो, सांगतो. पण ही गोष्ट माझी नाही. तिसऱ्या मजल्यावर जयप्रकाश राहायचा, त्याची आहे. तो आता ऐरोलीला गेला.

"भुताची आहे का?"

"तू ऐक, आणि तूच ठरव."

तर पाण्याची बाटली. जूनपासून मनस्वीची ही तिसरी बाटली. मनस्वी म्हणजे जयप्रकाशची मुलगी, दुसरीतली. बाटली हरवते म्हणून तो तिच्यावर चिडायचा, पण दोष तिचा नव्हता. आधी मुलांच्या बाटल्या हरवतच नसत, कारण शाळेच्या बसवर गोजरामावशी होती.

गोजरा खाडीकाठच्या सारसोळे गावची, कोळ्यांची. अकरा वर्षं ती त्या बसवर होती. मूल बसमध्ये चढलं की पहिलं काम हे, बाटली दप्तराच्या बंदाला बांधून टाकायची. जाळं विणायचा निळा नायलॉनचा दोरा तिच्या कमरेला कायम खोचलेला असे. गाठ अशी मारायची की घरी आईला कात्री घ्यावी लागे. रंजिता, जयप्रकाशची बायको, एकदा म्हणालीसुद्धा, "मावशी, जरा सैल बांधा की." तर गोजरा हसून म्हणाली, "सैल बांधलेलं खाडीत जातं, बाय."

तिची दुसरी सवय हाकांची. सहाला दहा कमी असताना बस पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायची, बंद पडलेल्या दूध केंद्राच्या ओट्यापाशी. गोजरा उतरून आमच्या इमारतीकडे तोंड करून मुलाच्या नावाने हाक मारायची. पहिली हाक. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी. तिसरीलाही मूल खाली नाही आलं, तर बस निघायची. इमारतीला याची इतकी सवय झाली की पहिल्या दोन हाकांना कोणी जागचं हलायचं नाही. डबा भरायचा राहिलाय? भरा सावकाश. अजून तिसरी व्हायची आहे.

"आमच्याकडे आई तेच करायची, अलार्म तीनदा स्नूझ," सौरभ म्हणाला.

तसंच. एकदाच असं झालं, की तिची तिसरी हाक राहून गेली. ते नंतर सांगतो. त्यानंतर मात्र मूल समोर येऊन उभं राहिलं असलं, तरी ती तिन्ही हाका पुऱ्या मारायची. मुलं हसायची, "मावशी, मी इथेच आहे!" ती ऐकायची नाही. तिसरी हाक मारायची, मग हात धरून चढवायची. आणि दुपारी पाऊण वाजता परत आणून, मुलाचा हात घरच्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय बसमध्ये पाय ठेवायची नाही.

गेल्या जूनमध्ये या मार्गावरची बस बंद झाली. ठेकेदाराने गाड्या काढून घेतल्या, शाळेने पत्र पाठवलं, पालकांनी ग्रुपवर आठवडाभर भांडून घेतलं आणि मग पोपट नावाच्या ड्रायव्हरची व्हॅन लावली. आठ जणांच्या गाडीत चौदा मुलं. मावशी नाही. सव्वासहाला येणार, गेटवर दोनदा हॉर्न देणार, जो आला तो आला. आठवड्यातून एकदा तरी पोपटचा मेसेज यायचा, आज गाडी नाही. मग आईबापांची पळापळ. कोणाची रजा, कोणाला ऑफिसात बोलणी. पहिल्या मजल्यावरच्या गीतांजलीने तर त्यापायी नोकरी सोडली.

जूनमध्ये पहिले काही दिवस गोजरा तरीही त्या ओट्यापाशी येऊन उभी राहत असे. मग दिसेनाशी झाली. दिवाळीत तापाचं निमित्त होऊन गेली. सारसोळ्याला मी गेलो होतो. इमारतीतून बाकी कोणी नव्हतं.

पायल म्हणाली, "जयप्रकाशकाकांना माहीत होतं? ती गेली ते?"

माहीत होतं. पण पहाटे पावणेसहाला डबा भरणाऱ्या माणसाच्या किती गोष्टी लक्षात राहतात?

तो सोमवार होता, आठ डिसेंबर. रंजिता इस्पितळात नर्स आहे, ती रात्रपाळीला. घरात जयप्रकाश आणि मनस्वी दोघंच. बाहेर मिट्ट काळोख. डिसेंबरात सात वाजेपर्यंत उजाडत नाही, तुम्हाला माहीत आहे. शिवाय खाडीकडून धुकं आलेलं. मनस्वी बूट घालून तयार होती. नवी बाटली दप्तराच्या खिशात. जयप्रकाश पोळीला तूप लावत होता.

सहाला दहा कमी.

खालून हाक आली.

लांबून, धुक्यातून. नाव नीट कळलं नाही. नावाचं शेपूट तेवढं आलं... ईऽऽ...

मनस्वीने मान वर केली. जयप्रकाशने पोळी गुंडाळली.

दुसरी हाक आली. तशीच. ...ईऽऽ...

आमच्या कोकणात लहानपणापासून एक सांगतात. काळोखात हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसरी हाक येऊ द्यायची. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. त्यांना... तिसरी हाक मारता येत नाही. जयप्रकाशच्या आईने, वेणूबाईंनी, हे त्याला शंभरदा सांगितलं असेल. पण तो घाईत होता. सहा महिन्यांत मोडलेली सवय एका क्षणात परत आली. खिडकीतून वाकून तो ओरडला, "आली गं, मावशी!"

आणि मनस्वीला म्हणाला, "पळ."

ती पळाली. जिन्यावर तिचे बूट वाजले, मग गेटची कडी. त्याने ओट्यावरचं तूप झाकलं, हात पुसले. मोबाईल वाजला. पोपटचा मेसेज होता. 'क्लच गेला. आज गाडी नाही. सॉरी.'

जयप्रकाशने तो मेसेज दोनदा वाचला.

गाडी नाही.

आणि व्हॅन तर हॉर्न देते. हाक... हाक कोण मारतं?

तो अनवाणी खाली धावला. गेटवर कोणी नव्हतं. वॉचमन खुर्चीत शाल गुंडाळून बसलेला.

"मनस्वी किधर है?"

"गयी ना, साब. एक आंटी हाथ पकड़ के ले गयी. बोली, बसवाली है."

"कौन आंटी?"

वॉचमनने नुसता कोपऱ्याकडे हात केला. तो नवा होता. त्याने गोजराला कधी पाहिलेलंच नव्हतं.

मी जरा थांबलो. रस्त्याने एक रिक्षा गेली. तिचा उजेड पायलच्या चेहऱ्यावरून सरकत गेला. सौरभ आता हसत नव्हता.

"मग?"

मग जयप्रकाश कोपऱ्याकडे पळाला. त्या रस्त्यावरचे दिवे एकाआड एक बंद. तिथे पोचला तेव्हा आधी वास आला. डिझेलचा. मग आवाज. उभ्या गाडीचं इंजिन चालू असतं ना, तशी घरघर. पण गाडी नाही. दिवे नाहीत. समोर ओटा, आणि ओट्यापलीकडे नुसतं धुकं.

मनस्वी रस्त्याच्या कडेला उभी होती. पाठमोरी. उजवा हात जरासा वर उचललेला. मूठ मिटलेली. कोणीतरी हात धरल्यावर मूल उभं राहतं... तशी.

"मनू!"

ती वळली नाही.

"मनू, इकडे ये."

"बाबा, ओरडू नका." हळू आवाजात म्हणाली. "मावशी म्हणते, थांब. अजून एक पोर येवाची हाय."

त्याचे पाय जागीच राहिले. दहा पावलांवर मुलगी. दहा पावलं त्याला टाकता येईनात. इंजिन घरघरत होतं. जणू कोणीतरी आत बसून घाई करत होतं, आणि कोणीतरी खाली उभं राहून त्याला थांबवत होतं.

मग सगळं गप्प.

आणि हाक आली. तिसरी. अगदी जवळून, मुलीच्या डोक्याच्या वर, मोठ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. आमच्या इमारतीकडे तोंड करून. या वेळी नाव स्वच्छ ऐकू आलं.

ते नाव मनस्वी नव्हतं.

"वैदेहीऽऽ..."

जयप्रकाशच्या मागून पावलं आली. धावत. लहान पावलं. दप्तरात कंपासपेटी खुळखुळत होती. त्याच्या अगदी कुशीजवळून गेली... वाऱ्याने त्याचा शर्ट हलला. त्याला काही दिसलं नाही.

मनस्वीचा हात खाली पडला.

त्याने झेप घेऊन तिला उचललं, छातीशी धरलं. दार आपटल्याचा आवाज झाला. घरघर पुढे सरकली. वळणाकडे. सारसोळ्याकडे. मग तीही नाही.

मुलीला काही झालेलं नव्हतं. ती उलट रुसली होती. "मावशीने माझा हात सोडला," म्हणाली, "तिला सोबत मिळाली."

गोष्ट सांगून झाली होती. दूर कुठेतरी जनरेटर चालू होता.

मग पायलने विचारलं, "काका... वैदेही कोण?"

हेच जयप्रकाशने मला विचारलं होतं. त्याच दिवशी, सकाळी नऊला, माझ्या दारात उभं राहून. तो इथे राहायला आला त्याच्या चार महिने आधीची गोष्ट, त्यामुळे त्याला ठाऊक नव्हतं. इमारतीतला सगळ्यांत जुना माणूस मी, म्हणून मला विचारलं. मी त्याला म्हणालो, माहीत नाही. पंधरा दिवसांत त्यांनी घर सोडलं.

पण पायलने इतक्या हळू आवाजात विचारलं, की मला खोटं बोलता आलं नाही.

"माझी नात," मी म्हणालो.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. ठेकेदाराने दोन बसची मुलं एका बसमध्ये कोंबली होती. गाडीला उशीर, ड्रायव्हरला पुढच्या फेरीची घाई. मुलगा आणि सून पहाटेच्या पाळीला निघून गेलेले. वैदेहीला शाळेत धाडायचं काम माझं. मी तिच्या बुटांना पॉलिश करत बसलो होतो. पहिली हाक ऐकली. दुसरी ऐकली. वैदेही म्हणाली, "आबा, चला ना." मी म्हणालो, "थांब गं, अजून तिसरी व्हायची आहे."

तिसरी झालीच नाही. ड्रायव्हरने गाडी काढली. गोजरा पायरीवर एक पाय ठेवून त्याच्यावर ओरडत होती. ते मी खिडकीतून पाहिलं. वैदेहीनेही पाहिलं. ती एक बूट घालून, दुसऱ्याची नाडी तशीच, बसमागे धावली. कोपऱ्यावरून पाण्याचा टँकर वळत होता.

एवढंच सांगितलं. त्यापुढचं सांगण्यासारखं नाही. मुलगा आणि सून नंतर पुण्याला गेले. मला चल म्हणतात.

सौरभ चप्पल जमिनीवर घासत होता. म्हणाला, "सॉरी, काका. मी उगाच..." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "पण मग पाऊण वाजता..."

"सकाळी नेलेली मुलं गोजरा पाऊण वाजता परत आणून सोडायची," मी म्हणालो. "घरचं माणूस गेटवर लागायचं. हातात हात द्यायला."

लाईट आली. तिघांचेही डोळे दिपले. पायल उठली, माझ्या पायाशी वाकायला गेली आणि का कोण जाणे, अर्ध्यातच थांबली. दोघं जिना चढून गेली. वर जाऊन त्यांनी सगळे दिवे लावले. खालून दिसत होतं.

मी वर आलो. एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

वैदेहीचं दप्तर माझ्या खोलीत खुंटीला आहे. बाटली वेगळी, फळीवर. टँकरच्या चाकाजवळून कोणीतरी उचलून आणून दिली होती. तिचा पट्टा तुटलेला. त्या दिवशी वैदेही बसमध्ये चढलीच नव्हती, त्यामुळे गाठ बसायची राहिली होती. दोन वर्षं दप्तर खुंटीला आणि बाटली फळीवर, अशीच होती. मी रोज पुसतो, म्हणून मला ठाऊक आहे.

आठ डिसेंबरला, जयप्रकाशला माहीत नाही म्हणून सांगून मी दार लावलं आणि आत आलो. फळी रिकामी होती. बाटली दप्तराला होती. निळ्या दोऱ्याने बांधलेली, घट्ट.

घरात कात्री आहे. मी ती उचललेली नाही.