चूक पचवणारं निशाण

दिगंबर रेडेकरांना, म्हणजे नभाच्या आबांना, दख्खनचा इतिहास तोंडपाठ होता. कोणत्या गडाला किती दरवाजे, कोणत्या घाटातून घोडा उतरतो आणि कोणत्या घाटात तो पाय मोडून घेतो, सगळं विचारा. तरीही ‘दख्खनदौलत’ खेळायला बसले की चौथ्या मिनिटाला त्यांचं सैन्य आडवं व्हायचं. आणि खालच्या मजल्यावरचा चिकू, वय वर्षं सहा, ज्याला इतिहास म्हणजे काय विचारलं तर तो ‘काल’ म्हणून सांगेल, तो त्याच पटावर अर्धा अर्धा तास निवांत खेळायचा. आता हे कोडं नाही तर काय?

खेळ कसा होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढे माझ्यावर चिडाल. बुद्धिबळात तुम्ही एक चाल करता, मग समोरचा करतो, मध्ये चहा प्यायला वेळ असतो. दख्खनदौलतीत तसलं काही नाही. टेबलाएवढ्या पटावर डोंगर, नद्या, शेतं उजळतात आणि सगळं एकदमच चालू होतं. धान्य गोळा करा, दगड आणा, तटबंदी उभारा, आणि तेवढ्यात यंत्राची फौज चालून येते ती परतवा. हुकूम तोंडानं द्यायचा नाही, लाकडी सोंगटी उचलून योग्य जागी ठेवायची. आणि आबांसाठी मुद्दाम एक अट होती, सोंगटी उजव्या हातानंच उचलायची.

कारण आबांचा उजवा हात रुसला होता. चार महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला (मेंदूच्या एका भागाचं रक्त अडलं की त्या भागाच्या ताब्यातले अवयव लुळे पडतात, तो आजार). बाकी आबा ठणठणीत होते. जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली होती. पण ज्या हातानं ते नभाला फळ्यावर पूल काढून दाखवायचे, ज्या हाताचं अक्षर बघून शाळेतल्या बाई थक्क व्हायच्या, त्या हातात आता चमचाही राहत नव्हता.

म्हणून आजऱ्याच्या उपचार केंद्रानं पट आणि त्याच्याबरोबर एक यंत्रमानव घरी पाठवला होता. कागदोपत्री त्याचं नाव सहायक बेचाळीस. तो इतकं अदबीनं बोलायचा की आबांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं, बंडोपंत.

त्या बुधवारी चौथ्या मिनिटाला सैन्य पडलं, आणि आबांनी डाव्या हातानं सगळ्या सोंगट्या खाली लोटून दिल्या.

बंडोपंतांनी त्या एकेक करून उचलल्या. मग म्हणाले, “आबासाहेब, एक सांगणं भाग आहे. केंद्राचा नियम आहे की सहाव्या आठवड्याच्या शेवटी तरी हात सलग दहा मिनिटं चालला पाहिजे. शनिवारी सकाळी नोंद घ्यायची आहे. तेवढा चालला नाही, तर मला चंदगडच्या एका बाईंकडे जावं लागेल. त्या तीन महिन्यांपासून वाट बघतायत.”

“मग जा की आजच,” आबा म्हणाले. “त्या बाईंचं तरी भलं होऊ दे. माझ्या हातात आता काही राम नाही.”

नभा दारातच उभी होती. अकरा वर्षांची होती, पण आबांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. स्वयंपाकघराच्या गॅलरीत जाऊन तिनं बंडोपंतांना हळूच विचारलं, “तुम्ही गेलात तर हात तसाच राहणार?”

“बहुतेक,” बंडोपंत म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. “मेंदूतले जुने मज्जामार्ग (ज्या वाटांनी मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचतो) बंद पडलेत. शेजारून नवी वाट पाडता येते, पण एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा चाललं तर. शेतात पायवाट पडते ना, तशी. रोज चार मिनिटं चालून, वैतागून घरी परतलं तर वाट कशी पडणार?”

आता नभा ही काही रडत बसणारी मुलगी नव्हे. आबांनीच तिला शिकवलं होतं, कळत नसेल तर आधी मोज. गुरुवारी ती एक वाटीभर चिंचोके घेऊन पटाशेजारी बसली.

“हे काय? माझी परीक्षा?” आबांनी विचारलं.

“नाही, माझा अभ्यास आहे,” नभा म्हणाली. ते अर्धं खरं होतं.

आबांनी एक सोंगटी हलवली की एक चिंचोका ताटलीत. सैन्य पडेपर्यंत अठ्ठेचाळीस झाले. चार मिनिटांत अठ्ठेचाळीस, म्हणजे मिनिटाला बारा. लुळ्या हाताच्या मानानं छानच की! मग चुकत काय होतं?

ताटली गॅलरीत नेऊन तिनं विचारलं, “बंडोपंत, आबांच्या निशाणाला मिनिटाला किती हुकूम लागतात?”

“छत्तीस.”

नभा चिंचोक्यांकडे बघतच राहिली.

पटाच्या कडेला पाच खाचा होत्या आणि प्रत्येकीत एक निशाण. जे उचलाल ते तुमचं सैन्य. आजऱ्यात कुणीही पटाशी बसलं की हात आपोआप भगव्याकडे जायचा. बाकीच्या चार निशाणांवर धूळ बसलेली. आपलं ते आपलं, त्यात विचार कसला करायचा? पण या खेळात मराठ्यांचं सैन्य म्हणजे घोडेस्वारांच्या आठ लहान तुकड्या. त्यांनी झडप घालायची, निसटायचं, पुन्हा दुसरीकडे झडप घालायची. एखादी तुकडी अर्धा मिनिट एका जागी थांबली की वेढलीच. ज्याचा हात चपळ, त्याच्यासाठी याहून भारी सैन्य पटावर नव्हतं. आबांचा हात मात्र एका तुकडीशी झुंजत असताना बाकीच्या सात हुकुमाची वाट बघत उभ्या राहायच्या.

“आणि एक तुकडी गेली की तिच्या बदल्यात दोन नवी कामं उभी राहतात,” बंडोपंतांनी समजावलं. “ती करता करता आणखी उशीर होतो, मग आणखी एक तुकडी जाते. याला दुष्टचक्र म्हणतात (चूक स्वतःच पुढची चूक घडवते, असा फेरा). आबासाहेब चुकीचे हुकूम देत नाहीत. त्यांच्यावरचा अवधानभार (एका वेळी किती गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं, त्याचं माप) तिप्पट आहे, एवढंच.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. पण निवड रुग्णाची असते. मी सुचवू शकतो, लादू शकत नाही. आणि त्या दिवशी भगवं निशाण त्यांच्या हातात कुणीतरी आधीच ठेवलं होतं.”

ते कुणी ठेवलं होतं, हे नभाला पक्कं आठवत होतं. तिनंच. मोठ्या हौसेनं, ‘आबा, आपलं!’ म्हणत. तिचा चेहरा कानापर्यंत तापला.

चिकू भगवं निशाण घेत नसणार, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला हत्ती आवडायचे, म्हणून तो डोळे झाकून विजयनगरचं घ्यायचा. या खेळात विजयनगरला आधीच बांधलेले तलाव मिळतात, त्यामुळे धान्य आपसूक पिकतं. तट जाड असतात. सैन्य गोगलगायीसारखं चालतं, पण पहिली दहा मिनिटं मिनिटाला नऊ हुकूम पुरतात. आबांकडे बारा होते. कोडं सुटलं होतं, पण आबांना हे सांगायचं कुणी?

शुक्रवारी नभानं धूळ पुसून ते निशाण आबांसमोर ठेवलं. निशाणाच्या बुडाला एक छोटी पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर छापलं होतं, ‘नवशिक्यांसाठी’.

आबांनी ती वाचली आणि निशाण बाजूला सारलं. “चिकूचं सैन्य देतेस होय मला? चाळीस वर्षं पूल बांधले मी, नभे. आता मला अंगणवाडीत बसव.”

“आबा, तसं नाही...”

“तसंच आहे. सोपं करून दिलेलं नको मला. हरायचं तर आपल्या निशाणाखाली हरेन.”

नभाला राग आला. खरं तर रडू येत होतं, पण तिनं ते रागावर ढकललं. “आबा, तुम्ही पूल बांधायचात तेव्हा त्यावरून जास्तीत जास्त किती वजन जाणार हे काढायचात ना? मग तेवढ्याच ताकदीचा बांधायचात?”

“वेडी आहेस का? अडीचपट, तिप्पट. त्याला सुरक्षा-गुणांक म्हणतात (लागते त्याच्या किती पट ताकद ठेवली, तो आकडा). कुणी ट्रक जास्त भरतो, सिमेंट कालवताना कुणाचा हात चुकतो, नदी एखाद्या वर्षी चढते. माणूस चुकणारच असं धरून बांधायचं. पुलानं चूक पचवली पाहिजे.”

“मग त्या पुलाला कुणी नवशिक्यांचा पूल म्हणतं का?”

आबांनी बाजूला सारलेल्या निशाणाकडे बघितलं.

“तुम्ही सगळ्यांसाठी चूक पचवणारे पूल बांधलेत,” नभा म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटलाच. “भगव्याला मिनिटाला छत्तीस हुकूम लागतात, तुमचा हात बारा देतो, चिंचोक्यांनी मोजलंय मी. मग स्वतःसाठीच का छत्तीसला बाराचा पूल? तुम्हीच मला विहिरीत पोहायला शिकवलंत. बुडू नये म्हणून पाठीला सुका भोपळा बांधला होतात. तेव्हा मला लाज वाटली नव्हती. आणि ते निशाण मीच दिलं तुम्हाला पहिल्या दिवशी, माझीच चूक झाली, आणि आता बंडोपंत जाणार.”

आबांनी डाव्या हातानं तिला जवळ ओढलं.

“बारा चिंचोके होय?” ते म्हणाले. “मला वाटलं, हाताला काहीच येत नाही.”

शनिवारी सकाळी आबांनी विजयनगरचं निशाण उचललं. उजव्या हातानं, तिसऱ्या प्रयत्नात.

पहिली चार मिनिटं घरात कुणी धड श्वास घेतला नाही. चौथं मिनिट गेलं, तट उभे होते. सहाव्या मिनिटाला आबांनी घोडचूक केली. सगळे हत्ती दक्षिणेला पाठवले आणि उत्तरेचा दरवाजा राखायला कुणी उरलंच नाही. यंत्राची फौज नेमकी तिथेच धडकली. नभानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तटाचा एक चिरा निखळला, मग दुसरा, पण तट लगेच कोसळला नाही. आबांना चूक दिसली. चूक दिसून ती सुधारेपर्यंत मधे वेळ होता, हेच या सैन्याचं बळ होतं. एक हत्ती उचलताना बोटांतून निसटला. त्यांनी तो पुन्हा उचलला आणि दरवाजात नेऊन उभा केला.

“दहा मिनिटं,” बंडोपंत म्हणाले.

“गप्प बसा हो, खेळू दे,” आबा म्हणाले.

ते तेरा मिनिटं खेळले. जिंकले नाहीत बरं का, तसं काही सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण हरल्यावर त्यांनी सोंगट्या लोटल्या नाहीत. उजव्या हातानं पुन्हा मांडायला घेतल्या, आणि नभा गॅलरीत जाऊन मनसोक्त रडून आली.

बंडोपंत आणखी तीन महिने राहिले. ताटलीतले चिंचोके मिनिटाला पंधरा झाले, एकवीस झाले, एके दिवशी तीस. त्या दिवशी आबांनी नभाकडे बघून विचारलं, “काय गं, भोपळा सोडायचा का?” आणि भगवं निशाण उचललं. सातव्या मिनिटाला सैन्य पडलं. आबा खो खो हसले आणि म्हणाले, आता कुठे आठही तुकड्या एकदम डोळ्यांसमोर राहायला लागल्यात.

मग बंडोपंतांचा चंदगडला जायचा दिवस आला. त्या बाईंना वाट बघायला लागली ती लागलीच, पण मधल्या काळात केंद्रानं त्यांच्याकडे दुसरा एक यंत्रमानव आठवड्यातून दोनदा पाठवला होता. आता बंडोपंत त्यांच्याकडे कायमचे राहणार होते, पटासकट.

पट आवरायच्या आधी आबांनी विजयनगरचं निशाण मागून घेतलं. नखानं ती ‘नवशिक्यांसाठी’ची पट्टी खरवडून काढली, तिथे कोरा कागद चिकटवला आणि पेन उजव्या हातात घेतलं. पाऊण तास लागला. ‘र’ कलंडला होता, वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढली होती. शाळेतल्या बाईंनी ते अक्षर बघितलं असतं तर ओळखलंही नसतं.

नभानं वाचलं. ‘इथून सुरुवात करा. मीही इथूनच केली. दि. रेडेकर, पूल बांधणारे.’

“बंडोपंत, त्या बाईंना हे आधी दाखवा,” ती म्हणाली. “आणि चिंचोके घेऊन जा. मोजायला लागतील.”