तक्रार क्रमांक एक

सभागृहात माझ्या शेजारची एकच खुर्ची रिकामी होती, म्हणून तो तिथे येऊन बसला. समोर एक अधिकारी बाई इंटरनेट सुरक्षेचा नवा कायदा समजावत होत्या. लोक तुमच्या साइटवर जे लिहितील त्याला जबाबदार तुम्ही. घातक मजकूर राहिला तर कारवाई तुमच्यावर. माझी तर पाचावर धारण बसली. माझी साइट जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची, बाबांनी सुरू केलेली. ते गेल्यापासून मी एकटी सांभाळते. हजारभर अनोळखी माणसं तिथे रोज लिहिणार, मी कुठे कुठे पुरी पडणार?

"पेन उलटं धरलंय तुम्ही," शेजारचा हळूच म्हणाला.

बाहेर पडताना कळलं, तो रेडिओ मेकॅनिक. माझ्याच साइटवर 'खरखर' या नावाने लिहिणारा! दोन वर्षं त्याची उत्तरं वाचून मी एकटीच हसत आले होते, आणि तो हा... असा, हसला की एकच भुवई वर जाणारा.

मग साइटवरून आमचे खासगी निरोप सुरू झाले. आधी रेडिओचे, मग उगीचच. घाबरल्यावर तुम्ही छान दिसता, असं त्याने लिहिलं तेव्हा मी फोन उशीखाली सारला, जणू आई भिंतीपलीकडून वाचणार होती.

पण कायद्याची तारीख जवळ आली आणि माझी झोप उडाली. खासगी निरोपांतून कुणी कुणाला फसवलं तर? मी ती सोयच बंद केली. सगळ्यांची—म्हणजे आमचीही. त्याचा नंबर मागायचा राहिलाच होता, आणि हजार लोकांदेखत कसा मागणार? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आई म्हणाली. मी तिला सांगून टाकलं, एक जरी तक्रार आली तरी साइट कायमची बंद.

नियमाप्रमाणे प्रत्येक पानावर तक्रारीचं बटण लावलं. उत्तर चोवीस तासांत द्यायचं होतं. अकराव्या दिवशी मी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासत होते, तेव्हा फोन थरथरला. तक्रार क्रमांक एक. जिन्यात बसून, एक डोळा मिटून मी ती उघडली.

'खरखर याचा कालचा मजकूर दिशाभूल करणारा आहे. त्याने रेडिओच्या बटणाविषयी लिहिलं. त्याला लिहायचं होतं की साइटच्या मालकीणबाई त्याला फार आवडतात.'

तक्रारदार—खरखर. खाली नियमाप्रमाणे त्याच्या दुकानाचा पत्ता.

संध्याकाळी मी त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. जीव गेला असता माझा, एवढंच तोंडातून निघालं.

"चोवीस तासांत उत्तर द्यावंच लागतं ना?" त्याची भुवई वर गेली. "दुसरा रस्ताच ठेवला नव्हता तुम्ही."

एक तक्रार आली की साइट बंद, हा माझा निश्चय मी त्याला सांगितला. भुवई खाली आली. त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच भीती वाटली. कायद्याची नव्हे; हे दुकान, हा माणूस पुन्हा दिसणार नाही याची.

"तक्रार मागे घेतो मी."

"घेता येत नाही. निकाल द्यावा लागतो."

त्याने हातातली तार सरळ केली. मग म्हणाला, "घाबरू नका असं मी म्हणणार नाही. मलाही भीती वाटतेय. पण सकाळचा सगळा मजकूर मी वाचत जाईन, संध्याकाळचा तुम्ही वाचा. काही वावगं दिसलं की लगेच काढू. जबाबदार माणसांत माझंही नाव घाला."

"आणि आवडण्याचं... ते खरं?"

"ते काढायला सांगू नका."

मी तिथेच, त्याच्या टेबलावर तारा बाजूला सारून निकाल लिहिला. अक्षरं दोनदा चुकली.

'तक्रार खरी आहे. मजकूर दुरुस्त करून ठेवावा. साइट चालू राहील.'