दोरीचं उत्तर

पेट्रोलपंप बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण जमिनीखालच्या टाक्या गळतच राहिल्या होत्या. टाक्या काढून झाल्या. आता त्यांच्याखालची तेलकट माती खणायची, ट्रकमध्ये भरून पाठवायची आणि स्वच्छ माती लागली की खड्डा बुजवायचा, एवढंच काम. पण त्याने मुकादमाचा जीव मेटाकुटीला आणला होता. जेवणाला पेट्रोलचा वास, उशीला पेट्रोलचा वास. माती काही संपायचं नाव घेत नव्हती.

त्यात हाताखाली मेहुणा. मुकादम त्याला लाडोबाच म्हणायचा. सकाळी निघताना बायकोने बजावलं होतं, "एकुलता एक भाऊ आहे माझा. त्याला धड परत आणा."

"त्याला काय होतंय? कामाला हात लावेल तर ना!"

ढगाळ दुपारी लाडोबा मास्क चढवून, कमरेला दोरी बांधून मातीचा नमुना आणायला खड्ड्यात उतरला. तळाशी वाफ साचते, खालचा माणूस कधी कोसळेल सांगता येत नाही. म्हणून वरच्याने अधूनमधून दोरीला हिसका द्यायचा आणि खालच्याने तसाच परत द्यायचा. उत्तर आलं की सगळं ठीक. पलीकडचा कोपरा काठावरून दिसत नाही, तिथे भरवसा दोरीचाच.

मुकादम पालथ्या बादलीवर टेकला. पाठीचा पार भुगा झाला होता. त्याने हिसका दिला, उत्तर आलं. डोळे मिटून पुन्हा दिला, पुन्हा आलं. जेसीबी बंद होता, रस्ताही गप्प होता. खड्ड्यातून पेट्रोलचा ओलसर, गोडूस वास वर येत होता. हिसका… उत्तर. हिसका… उत्तर. काम कसं छान चाललं होतं.

त्याचे डोळे खाडकन उघडले. लाडोबा जन्माचा आळशी. तीनदा पुकारल्याशिवाय 'ओ' द्यायचा नाही. दोरीचंही तेच, तिसऱ्या हिसक्याशिवाय तो हलत नसे, आणि वर येऊन शिव्या खाताना दात काढायचा. आज मात्र पहिल्याच हिसक्याला उत्तर?

मुकादमाने घाबरत घाबरत दोरी ओढली. त्याचा हात सैल पडायच्या आतच… उत्तर आलं.

त्याने मास्क चढवला आणि ओरडतच शिडी गाठली. जेसीबीवाला मागोमाग उतरला. लाडोबा कोपऱ्यात पालथा पडला होता, मास्क गळ्याशी आला होता. कमरेला दोरी नव्हती. ती पलीकडे, भिंतीतल्या काळ्या मातीत शिरली होती आणि ताठ होती.

"कोण… कोणी धरलीय ती?" जेसीबीवाला पुटपुटला.

"तिकडे बघू नकोस. याचे पाय धर."

मोकळ्या हवेत आणल्यावर त्याने डोळे उघडले. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं. बायको दारातच रडली, नवऱ्याला नाही नाही ते बोलली, मग भावाला जेवायला हाक मारली. पहिल्याच हाकेला तो उठून आला.

"बघा, किती शहाणा झालाय," ती डोळे पुसत म्हणाली. मुकादमाने आपलं ताट बाजूला सारलं.

ती काळी माती त्यांनी खणून काढली. आत दोरी सापडली. टोकाला कमरेएवढा वेढा होता, गाठ बांधली होती तशीच. वेढ्यात नुसती माती होती.

पुढे नमुने स्वच्छ निघाले. बुजवण्याआधी खाली कोणी राहिलं नाही ना, म्हणून काठावरून हाक मारायची पद्धत असते. मुकादम काठाशी गेला. मेहुणा त्याच्या पाठीमागे फावडं घेऊन निमूट उभा होता. हल्ली तो न सांगता कामाला लागायचा. मुकादमाला त्याची भीती वाटत होती, आणि हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. तोंडाशी हात धरून त्याने हाक मारली ती मात्र एकालाच.

"लाडोबा!"

खड्डा गप्प. त्याने पुन्हा पुकारलं. काही नाही. त्याचा आवाज फुटला, तरी त्याने तिसऱ्यांदा हाक मारली.

खालून, मातीच्याही खालून, जांभई देत कोणीतरी म्हणालं, "आलो की हो भावोजी… ओरडताय कशाला?"

मुकादम काठावरून खाली वाकला. त्याच्या पाठीमागून मेहुण्याने जेसीबीवाल्याला शांतपणे सांगितलं, "हं, टाक माती."