काकीसांचा चेहरा

अथर्व, तो फोन खाली ठेव. कस्तुरी, तूही. गच्चीवर तुम्हाला शेकोटीला बोलावलंय, स्क्रीनच्या उजेडात तुमची तोंडं बघायला नाही. या बनी पार्कच्या घरात भाड्याने राहायला आलात तेव्हापासून तुमचं एकच पालुपद, गोपीनाथकाका, तुमच्या नोकरीतलं काहीतरी सांगा. ऐका मग. माझी हयात जुन्या वस्तू सांभाळण्यात गेली. सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. मूर्ती, पट, लाकडी खांब, जे येईल ते. लोकांना वाटतं आम्ही जुन्याचं नवं करतो. तसं करणाऱ्याला मी रंगारी म्हणतो. आमचं काम, आहे ते आहे तसं टिकवायचं, आणि जे परत करता येणार नाही ते करायचंच नाही. एवढी एकच अक्कल या धंद्यात लागते, आणि नेमकी तेवढीच लोकांकडे नसते.

गौरांगकडे नव्हती. नाशिकचा पोरगा, माझ्या हाताखाली वर्षभर शिकला. मग परदेशात कुठलासा सहा आठवड्यांचा कोर्स करून आला आणि त्याला शिंगं फुटली. कार्ड छापलं, वेबसाइट काढली. श्रीमंतांच्या बैठकींमध्ये हातमोजे घालून फोटो काढून घ्यायचा. नुसता उंटावरचा शहाणा.

गेल्या वर्षीची पौष पौर्णिमा. तेरा जानेवारी, सोमवार. दुसऱ्या दिवशी संक्रांत, म्हणजे जयपूरचं काय होतं ते तुम्ही बघताच आहात. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, गल्लोगल्ली पतंग आणि मांजा. त्या संध्याकाळी गौरांग कापूस आणायला बाहेर पडला. त्याचा कापूस संपला होता आणि काम थोडंच उरलं होतं. चांदपोलच्या एका औषधाच्या दुकानातून त्याने चार बंडलं घेतली आणि हवेलीवर परत आला.

हवेली नंदकिशोरजींची. पिढीजात जवाहिरे. पैसा एवढा की मोजायला माणसं ठेवलेली, आणि रसिकता मात्र औषधालाही नाही. हवेलीचं हॉटेल केलं होतं आणि संक्रांतीला उद्घाटन, पतंग उडवायला गोरे पाहुणे यायचे होते. त्यांच्या स्वागताला मधल्या चौकात एक ‘ओरिजिनल अँटिक’ हवं होतं. घरात एक वस्तू होती. लाकडात कोरलेली बसलेली बाई, खऱ्या माणसाएवढी. घरात तिला काकीसा म्हणायचे, म्हणजे काकीबाई.

ही काकीसा या घरचीच सून. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात भाजली. चेहरा पार गेला. जगली काही महिने, पण तिला एका खोलीत ठेवलं, कुणासमोर येऊ दिलं नाही, का तर पाहुण्यांना किळस येईल. तिथेच गेली. मग घरात एकामागून एक वाईट घडायला लागलं तेव्हा यांना उपरती झाली. तिची मूर्ती केली आणि रीत घातली की दर वर्षी घरातल्या सगळ्यांत नव्या सुनेने काकीसांच्या चेहऱ्यावर रंगाचा एक नवा हात द्यायचा. नवे डोळे काढायचे, नवे ओठ काढायचे. जिवंतपणी तिला दाराबाहेर येऊ दिलं नाही, आणि मेल्यावर दर वर्षी नवा चेहरा. असली माणसं. पण रीत त्यांनी पाळली, तेवढं मान्य करायला हवं.

आता ऐका, शहाण्याने काय केलं. त्याच्या शास्त्रात वरचे थर म्हणजे घाण. नंतर कुणीतरी चोपडलेलं. ते काढायचं आणि खालचं ‘ओरिजिनल’ दाखवायचं. अंगावरची ओढणी, हात, पाय त्याने निगुतीने केले, ते मी नाकारत नाही. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा, हलक्या हाताने फिरवायचा, रंग कापसावर येतो. पण कुठलाही थर काढण्याआधी त्याचा कणभर नमुना काढून बाटलीत ठेवायचा असतो. फोटो घ्यायचा असतो. पुढेमागे चुकलंच तर काय होतं ते कळावं म्हणून. चेहऱ्याला हात घातला तेव्हा उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं. नंदकिशोरजी घाई करत होते. साहेबांनी नमुना ठेवला नाही, फोटो काढला नाही. एकामागून एक थर उतरवले आणि रंगाचा कापूस टेबलाखालच्या बादलीत टाकला, बादली भरली की बाहेर कचऱ्यात.

तर सोमवारी संध्याकाळी तो कापूस घेऊन आला तेव्हा ज्या खोलीत टेबलावर मूर्ती ठेवून तो काम करायचा, तिच्या दारात नंदकिशोरजींची आई बसलेली. तारामतीजी. नव्वदीला टेकलेल्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनीही तो रंग दिला होता.

त्या म्हणाल्या, “बेटा, मुँह छोड़ देना. बाकी जो करना है कर.”

हा हसला. म्हणाला, “माताजी, मुँह तो लगभग हो गया. नीचे असली वाला है, आप देखना.”

म्हातारीने टेबलाखालच्या बादलीकडे बघितलं. मग म्हणाली, “उसका लिया है तो उसको देना पड़ेगा. नहीं दिया तो वो अपने आप ले लेगी. तेरा.”

आणि उठून गेली. गौरांगने हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. त्याला गंमत वाटली. मला त्याची कीव आली. भुताखेतांसाठी नाही. समोरचं माणूस आपल्याला काय सांगतंय हे ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या हातात जुनी वस्तू द्यायची कशाला?

हो, फोनवर. रात्री साडेअकराला फोन केला त्याने. मी इथेच खाली झोपलो होतो. म्हणाला, “सर, ओरिजिनल लागलं.”

म्हटलं, “कसं आहे?”

“डोळे नाहीत. नाक नाही. कोरणाऱ्याने तसंच कोरलंय, सर. भाजल्यावर जशी होती तशी. काय काम आहे. उद्या पेपरवाले वेडे होतील.”

ऐकताय? एका बाईने शंभर वर्षं जे झाकून घेतलं होतं, ते हा उद्या गोऱ्या लोकांसमोर मांडणार होता. तिळगुळाबरोबर. मी विचारलं, “वरच्या थरांचे नमुने ठेवलेस ना?”

तो पेपरवाल्यांची नावं सांगायला लागला.

“गौरांग, ठेवलेस ना?”

“सर, वेळ नव्हता. आणि सुनांनी काढलेली चित्रं ती, त्यांची किंमत काय?”

मी त्याला चांगलं सुनावणार होतो. पण मला फोनमध्ये काहीतरी ऐकू आलं. खसखस. सुकलेला कापूस कुणी उचकतंय तसं.

म्हटलं, “कोण आहे रे तिथे?”

“कुणी नाही, सर.” मग म्हणाला, “थांबा.”

मग तो हळू आवाजात बोलायला लागला. टेबलाच्या पलीकडे कुणीतरी बसलंय म्हणाला. पाठमोरी बाई, डोक्यावरून ओढणी. घरातली कुणी असेल. बादली पुढे ओढून घेतलीय. त्यातला कापूस काढतेय. एकेक बोळा.

“काय करतेय?”

“तोंडाला लावतेय, सर.”

...

“लावतेय आणि तो खाली पडतोय. परत दुसरा घेतेय. तोही पडतोय.”

मी म्हटलं, “गौरांग, तिथून नीघ.”

“दार तिच्या बाजूला आहे.”

खसखस चालूच. मग थांबली.

“काय झालं?”

“बादली संपली.”

...

“गौरांग.”

“हात पुढे केलाय, सर.” त्याचा आवाज पार खाली गेला होता. “वळली नाहीये. पाठमोरीच आहे. हात मागे करून... पसरलाय. मागतेय.”

मी काय द्यायला सांगणार? एक कण ठेवला नव्हता त्याने.

तो तिला म्हणाला, मी ऐकलं, नीट ऐकलं. “नहीं है मेरे पास. फेंक दिया.”

...

मग काहीच नाही. श्वास नाही. खसखस नाही.

मग गौरांग म्हणाला, “वळतेय.”

फोन चालू होता. मी हाका मारत राहिलो. मग फोन बंद झाला.

पहाटे धुक्यात रिक्षा करून मी चारदीवारीत गेलो. हवेलीत उद्घाटनाची झेंडूची तोरणं लावत होते. दारात तारामतीजी उभ्या होत्या. त्यांनी मला आत जायची वाट करून दिली.

गौरांग भिंतीला टेकून बसला होता. जिवंत, धडधाकट. अंगावर ओरखडा नाही. त्याने मान वर केली आणि मी म्हटलं, “आप कौन?”

खोटं सांगत नाही. तो मुलगा माझ्याबरोबर वर्षभर एका टेबलावर काम करत होता. नाक होतं, डोळे होते, ओठ होते, सगळं जागच्या जागी. भुवया नव्हत्या. पापण्यांचे केस नव्हते. दाढी नव्हती, दाढी कधी उगवली असेल अशी खूणसुद्धा नव्हती. गुळगुळीत. बघितलं आणि नजर हलवली की कसा दिसतो ते आठवायचं नाही. आत्ताही मला सांगता येणार नाही. तो मला “सर” म्हणाला तेव्हा आवाजावरून कळलं.

त्याने फोन तोंडासमोर धरला होता. चेहरा दाखवून उघडायला बघत होता. उघडेना. परत धरत होता, परत बघत होता. तेवढ्यात नाशिकहून त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला, संक्रांतीचा. त्याने घेतला. बाई हसत हसत आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, “गौरांगचा फोन आहे ना हा? आपण कोण बोलताय?”

मला त्या पोराचा तिटकाराच होता आणि आजही आहे. पण त्या क्षणी मी खिडकीकडे तोंड फिरवलं, मला ते बघवेना.

मग टेबलावर बघितलं. काकीसा होत्या तशा बसलेल्या, आणि त्यांना चेहरा होता. ताजा, सुंदर. डोळे, भुवया, गालांवर लाली. मी कापूस घेतला, द्रावणात बुडवला, कानामागे, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी फिरवला. कापूस पांढरा तो पांढराच. पुन्हा घेतला, जास्त तेज द्रावण. पांढराच. रंग असता तर आला असता. एवढी केमिस्ट्री मला कळते. मी काडी खाली ठेवली आणि हात धुतले.

गौरांग नाशिकला गेला. घरी असतो, काम सोडलं. त्याची आई त्याला वाढते, औषधपाणी बघते, पण अजून त्याला नावाने हाक मारत नाही. त्याला अहो-जाहो करते. मी बोललोय तिच्याशी.

आणि नंदकिशोरजी? त्यांचं उद्घाटन झालं, पतंग उडले, फोटो आले. काकीसांना मात्र म्हातारीने चौकात आणू दिलं नाही. त्यांची खोली आहे वरती, किल्ली म्हातारीच्या कमरेला. रंगाची रीत बंद झाली. सुनांना आता काही करावं लागत नाही म्हणे.

मागच्या आठवड्यात मी तिकडे गेलो होतो. काकीसांच्या खोलीचं दार उघडलं आणि आतून एक माणूस बाहेर आला. हातात पेटी, खांद्यावर टॉवेल. गल्लीतला न्हावी. तारामतीजींनी त्याच्यामागे कुलूप लावलं आणि विचारलं, “ठीक से हो गई?”

तो स्वतःच्या हनुवटीला बोट लावून म्हणाला, “जी, माताजी. बस ठोड़ी के नीचे बाल थोड़े कड़े हैं.”

आणि नळाखाली वस्तरा धुवायला बसला.