कमाल मर्यादा

ताईचा कॉम्प्युटर रखडतो, हे मी वर्षभर ऐकत होतो. आठवडाभर लोकांच्या ऑफिसात टेबलाखाली शिरून वायरी हुडकल्यावर सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच करायचं जिवावर यायचं. आज करू, उद्या करू म्हणत चालढकल केली. शेवटी तिचा फोन आला, "अरे, एक पान टाइप करायला अर्धा तास लागतोय. माझं काम सुटेल."

ताई घरी बसून डॉक्टरांची रेकॉर्डिंगं ऐकते आणि रिपोर्ट टाइप करते. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आहे आणि त्याच्या शेजारी, खिडकीपाशी, भाऊजींची खुर्ची. भाऊजी पूर्वी नकाशे काढायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. हातपाय सावरले, पण आठवण गेली ती गेलीच. ताईला ते 'अहो बाई' म्हणत. "लग्नाला एकतीस वर्षं झाली," ती म्हणायची, "आणि आत्ता कुठे मला अहो-जाहो मिळतंय." सांगताना ती हसायची. डोळ्यांखाली मात्र काळं झालं होतं.

त्या रविवारी दुपारी मी जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या धर्तीची वेगवान डिस्क, बसवली. मशीनची मेमरी तुटपुंजी होती. मेमरी भरली की कॉम्प्युटर जास्तीचं सामान डिस्कवरच्या एका फाइलीत नेऊन ठेवतो, टेबलावर मावेना झालेले कागद खणात सारावेत तसं. त्या फाइलीला पेजिंग फाइल म्हणतात आणि या सोयीला व्हर्च्युअल मेमरी. एसएसडीवर सारखं लिहीत राहिलं की ती झिजते, म्हणून मी मशीनवर न सोपवता आकडे स्वतः घातले. किमान चार हजार शहाण्णव, कमाल आठ हजार एकशे ब्याण्णव एमबी, म्हणजे फार तर आठ जीबी. मशीन बंद करून चालू केलं. वीस सेकंदांत सुरू झालं.

"काय रे पेचकस, झालं का काम?"

ताईच्या हातातला कप बशीवर वाजला. पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, हे भाऊजींनीच मला ठेवलेलं नाव. दोन वर्षांत त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, कधीकधी असं होतं. आम्ही जास्त खोलात शिरलो नाही. देव देतो तेव्हा पावती मागू नये.

पुढच्या रविवारी ताई म्हणाली, डिस्क भरत आल्याची सूचना येतेय. मी पाहिलं. ती फाइल नव्वद जीबीची झाली होती. मर्यादेच्या रकान्यात मात्र माझाच आकडा होता, आठ हजार एकशे ब्याण्णव. चूक माझी असणार म्हणून पुन्हा आकडे घातले. व्हायरस शोधला, डिस्क तपासली. काही सापडलं नाही. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांची बेरीज दोन जीबीसुद्धा होत नव्हती.

जुनी डिस्क खरखर करायची. एसएसडीला आवाज नसतो. डिस्क चालू असली की लागणारा पुढचा बारीक दिवा तेवढा लुकलुकत होता. भाऊजी बोलत होते. ते थांबले की दिवाही थांबायचा.

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आईचं माहेरचं आडनाव काय रे? सकाळपासून आठवत नाहीये. डोकं म्हणजे नुसतं खोकं झालंय."

मी सांगायच्या आत भाऊजींनी सांगितलं. मग डोळे मिटून म्हणाले, "हौदात पडल्यावर आधी गार वाटत नाही. आतून वर बघितलं की आभाळ हिरवं दिसतं. चप्पल वर तरंगत राहते."

"कोण पडलं हौदात?" ताईने विचारलं.

मी तिच्याकडे पाहत राहिलो. पाच वर्षांची असताना ती हौदात पडली होती. ती गोष्ट मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकली होती.

तिसऱ्या रविवारी मी कोणाला काही न सांगता मशीनपुढे बसलो. 'पेजिंग फाइल नको' हा पर्याय निवडला आणि मशीन बंद करून चालू केलं.

भाऊजी ताईला कुठल्याशा पुलाबद्दल सांगत होते. पडदा काळा झाला आणि ते वाक्याच्या मध्येच थांबले.

पडदा उजळला.

"अहो बाई," ते म्हणाले, "हे कोण आलेत?"

ताई रडली नाही. हात पुसत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"चालू कर."

"ताई, त्यात तुझं जातंय."

"जाऊ दे. दोन वर्षं ह्या माणसाशेजारी मी एकटी राहिलेय. चालू कर."

"तुला तो हौद आठवतो का?"

"नाही." तिने माउस माझ्याकडे सरकवला. "ते सांगतील ना."

मी फाइल पुन्हा चालू केली. या वेळी आकडे घातलेच नाहीत. किती ठेवायचं ते मशीनवर सोपवलं.

दिवा लागला. लुकलुकला नाही, तसाच लागून राहिला.

टेबलावर हात टेकून मी तो विझायची वाट पाहत बसलो. दुखलं वगैरे काही नाही. एखादा शब्द ओठांवर यावा आणि परत जावा, तेवढंच वाटलं.

दिवा विझला.

"पेचकस, अजून बसलायस होय?" भाऊजी म्हणाले. "ऊठ आता. धाकटी वाट बघत असेल."

"कोण धाकटी?"

ते माझ्याकडे बघून मायेने हसले. ताई म्हणाली, "जा रे घरी. दमलायस."

चार वाजले होते. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. म्हातारा माणूस, एकाचं दुसऱ्यात घालतो, असं म्हणत मी तीन मजले चढलो आणि बेल वाजवली.

दार सात-आठ वर्षांच्या एका मुलीने उघडलं. तळहातावर नुकताच पडलेला दात होता. तो तिने माझ्यापुढे धरला.

आतून बायकोचा आवाज आला, "आले का गं?"

मी दारावरची पाटी वाचली. नाव माझंच होतं. मग खाली वाकलो आणि मुलगी घाबरू नये म्हणून हळूच विचारलं, "बाळ, तू कोणाकडे आलीस?"