मापाचं पोलकं

जुन्या पोलक्यावरून नवं बेतणाऱ्यांना मी नेहमी हसायची. जुनं पसरायचं, भोवती खडू फिरवायचा आणि जुन्यातल्या चुका नव्यात उतरवायच्या. जळगावात पोलनपेठेत माझा शिवणवर्ग होता. तिथे नियम एकच: टेप अंगावर लावायची, खाकी कागदावर कटिंग काढायचं, आणि बसलं नाही तर कागद बदलायचा. अंगाला दोष द्यायचा नाही.

१९६९च्या श्रावणात मोहनबाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आल्या. प्रेमकुंवर, त्यांच्या हस्तीमलची दुसरी बायको. वय एकोणीस. मारवाड्याची लेक असली तरी पिंपळनेरात वाढलेली, त्यामुळे तोंडात अस्सल अहिराणी. गळ्यात रिवाजाप्रमाणे मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक. पहिली सून सुगनबाई, जोधपूरकडची, चार वर्षांपूर्वी गेली होती.

"हे मापाचं पोलकं," मोहनबाईंनी गाठोडं सोडलं. "सुगनचं. आमच्याकडे सगळं यावरच शिवतात. हिला फक्त मशीन शिकवा."

मी ते मापलं, खोड काढायलाच. छाती तेहतीस, डावा खांदा अर्धा इंच उतरलेला. मग टाक बाजूला सारून पोरीला मापलं. छाती तीस, दोन्ही खांदे सरळ. असे सरळ खांदे सहसा सापडत नाहीत. वहीच्या समोरासमोरच्या पानांवर दोन्ही मापं लिहिली.

"हे हिच्या अंगावर लोंबेल हो."

"बसेल हळूहळू," मोहनबाई म्हणाल्या आणि गाठोडं बांधलं.

त्या गेल्यावर पोरगी हळूच म्हणाली, "बाई, मना बठ्ठा पोलका तिना मापना शेतस. माले एक मना मापनं शिवनं शे. आखाजीले मायघर जासू, तवय मायनी माले वळखाले जोयजे."

मला तिची माया आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जातात, तशी हीही जाणार, आणि जाईल ती सवतीच्या नव्हे, स्वतःच्या मापाचं पोलकं घालून, आईला ओळखू येईल अशी. तसा मी तिला शब्दच दिला.

नवरात्रात पहिलं पोलकं झालं. छातीवर आवळलं आणि डाव्या खांद्यावर चुणी पडली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी आधी टेपवर खापर फोडलं. लाकडी फुटपट्टीला लावून पाहिली, तर टेप बरोबर. अंगच मापलं. एकतीस. डावा खांदा पाव इंच खाली.

"सासरचं तूप लागलं गं तुला," मी म्हटलं. ती हसली नाही. मी कटिंगवर खांदा पाव इंच उतरवला आणि टक्स सैल केले.

दिवाळीनंतर दुसरं. तेही आवळलं. आता बत्तीस. मी कागद पुन्हा बदलला: खांदा आणखी पाव इंच उतरवला, छातीत वाढता इंच धरला. त्याच आठवड्यात ती डाव्या हाताने कात्री धरू लागली. उजव्या हाताची कात्री डावखुऱ्याला नीट चालत नाही, कापड चावते. मी रागावले. तिने हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच आहे.

"बाई," ती म्हणाली, "मी पयले कोनता हातवर कापत व्हतू?"

तिची अहिराणी ऐकली ती शेवटची. त्यानंतर ती फारशी बोलेनाशी झाली. मी मोहनबाईंना विचारलं, पोरीची तब्येत बरी आहे ना? "झकास आहे," त्या म्हणाल्या. "घरात रुळली आता."

आखाजीला चार दिवस उरले होते तेव्हा तिसरं पोलकं झालं. निळा खण, पाठीला गुंड्या. तिने भर दुपारी वर्गातच घालून पाहिलं. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. इतकं सुरेख बसलेलं पोलकं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझा ऊर भरून आला.

"झालं बघ तुझ्या मापाचं!"

"म्हारो माप तो ओ ही है, बाईजी," ती जोधपूरकडच्या मारवाडीत म्हणाली.

तिच्या गळ्यात टाक नव्हता.

"आता पिंपळनेरला निघणार ना? आई वाट बघत असेल."

"पिंपळनेर? म्हारो पीहर तो घणो दूर है." माहेर म्हणे फार दूर.

मी टेप उचलली. छाती तेहतीस. डावा खांदा अर्धा इंच खाली.

वही उघडायची गरज नव्हती, तरी उघडली. सुगनच्या पानावर हेच आकडे होते. आठ महिने कागद मीच बदलत आले होते. पाव पाव इंचाने, माझ्याच हाताने.

मोहनबाई तिला न्यायला आल्या. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून समाधानाने मान हलवली. जाताना ते जुनं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं.

"याचं आता काम नाही. तुमच्या बायकांना चिंध्यांसाठी होईल."

दोघी जिना उतरल्या. मी गाठोडं सोडलं.

तेच पोलकं. तीच विटलेली किनार.

सवयीने टेप लावली.

छाती तीस. दोन्ही खांदे सरळ.

मी ते उचललं. सुगन गेल्यापासून कुणाच्या अंगाला न लागलेलं कापड, पण अंगाच्या उबेचं होतं आणि दोन्ही काखांत घामाने ओलं.